नाकेबंदीतलं मीठ : मुक्तिसंग्रामाची पुस्तकं आणि गाझाच्या रोजनिश्या

मंडळी, गाझाबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे दोन तऱ्हेचे लोक लगेच बोलायला उठतात. एक म्हणतात, हे तर आपल्या रझाकारीसारखंच आहे. दुसरे म्हणतात, हे तर आपल्या पोलीस ॲक्शनसारखंच आहे. गंमत अशी की दोघंही एकाच सालाबद्दल बोलत असतात, एकाच जिल्ह्याबद्दल, पुष्कळदा एकाच गावाबद्दल. साल १९४८. गावातल्या हिंदू म्हाताऱ्याला विचारा, तुमचं लग्न कधी झालं? तो म्हणेल, रझाकारीच्या आधल्या साली. मुसलमान म्हाताऱ्याला विचारा, तो म्हणेल, पुलिस ॲक्शन के बाद. आता ही माणसं फार थोडी राहिली, पण घराघरांत हे शब्द शिल्लक आहेत. आणि तिकडे भूमध्य समुद्राच्या काठी त्याच सालाला तिसरा शब्द आहे, 'नक्बा'. अरबीत अर्थ, अरिष्ट. सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं त्या साली घरादाराला मुकली. कॉन्स्टंटीन झुरेक नावाच्या इतिहासकाराने त्याच वर्षी पुस्तक लिहून हा शब्द रूढ केला.

म्हणजे तीन शब्द, एक साल. देवगाव फाट्यावर गाझाचा विषय कशाला, या प्रश्नाला आमचं एवढंच उत्तर आहे.

पण 'सारखं' या शब्दाची आधी झडती घेतली पाहिजे. आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून सवय. न्यायदर्शनात उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. उदाहरण ठरलेलं: रानात न गेलेल्या माणसाला सांगतात, गवय हा गाईसारखा असतो. मग तो रानात गेला, गाईसारखं जनावर दिसलं, त्याला कळलं, हाच गवय. उपमानाने एवढंच मिळतं, नाव कशाला लावायचं ते. गवयाला गाय समजून कोणी दावणीला बांधायला जात नाही, बांधला तर शिंग खाईल. आपल्या मोबाइलवर चालतं ते दावणीला बांधणंच. गाझा म्हणजे रझाकारी, झालं, निकाल लागला. गाझा म्हणजे पोलीस ॲक्शन, झालं, निकाल लागला. साम्य दाखवल्यावर बघायचं काम सुरू व्हायला हवं, आपण तिथेच थांबतो.

आम्ही आज बघणार आहोत ती एकच गोष्ट: नाकेबंदी. आणि तीसुद्धा पुस्तकांतून. कारण व्याख्यानाचा आमचा खरा मुद्दा वाङ्मयाबद्दल तक्रारीचा आहे. आपल्याकडे मुक्तिसंग्रामावर कपाट भरेल एवढं लिहिलं गेलं. त्यात नाकेबंदीतला संसार जवळजवळ नाही. पॅलेस्टिनी लेखकांकडे आहे. हे असं का?

आधी आपली नाकेबंदी कोणती, ते तरुण मंडळींसाठी सांगू. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाचा आणि भारत सरकारचा 'जैसे थे' करार झाला. तो दोन्ही बाजूंनी कुरकुरत राहिला. हैदराबाद संस्थानाला समुद्र नाही, चारी बाजूंनी भारत. आपल्या बाजूचं दार म्हणजे मनमाड. मनमाडहून निघालेली निजामाची लहान रेल्वे औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी करत जायची, आणि बाहेरचा माल तिच्यावरून यायचा. मीठ, रॉकेल, पेट्रोल, औषधं. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत हे दार आवळत नेलं गेलं. भारत सरकारची भूमिका अशी की आम्ही शस्त्रं आणि युद्धाला उपयोगी पडेल असा माल तेवढा अडवतो. हैदराबादची तक्रार अशी की औषधं आणि पिण्याचं पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा अडतं. ऑगस्टमध्ये संस्थानाने ही तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपर्यंत नेली. पॅरिसला ती चर्चेला आली १६ सप्टेंबरला. तेव्हा फौजा आत शिरून तीन दिवस झाले होते. १७ ला सगळं संपलं.

आता यात एक गुंता आहे आणि तो सोडून पुढे जाता येत नाही. नाके फक्त भारताचे नव्हते. संस्थानाचे स्वतःचे नाके होते, करोडगिरीचे. जुन्या माणसांना हा शब्द माहीत आहे. संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात म्हणजे करोडगिरी. इथून उत्तरेला मंठा ओलांडून लोणारकडे निघालं की वऱ्हाड लागायचं, म्हणजे दुसरं राज्य. तेल-मिठाची पिशवी घेऊन जाणाऱ्याला तिथे झडती. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी हे करोडगिरी नाके जाळले, शिंदीची झाडं तोडली, लेव्हीला विरोध केला. लेव्ही म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावरून सरकारने सक्तीने घ्यायचं धान्य. म्हणजे आतल्या माणसाच्या डोक्यावर तीन ओझी: सरकारची लेव्ही, रझाकारांची दहशत आणि बाहेरची टंचाई. तिसरं ओझं ज्यांच्याकडून आलं, त्यांचीच तो सुटकेसाठी वाट बघत होता. हे विलक्षण आहे. नाकेबंदीच्या इतिहासातली ही जागा लक्षात राहण्यासारखी आहे. आणि आपल्या एकाही चांगल्या पुस्तकाने या जागेवर बसून चार पानं लिहू नयेत?

अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' घ्या. ते स्वतः लढ्यातले, पुढे 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक. या पुस्तकाशिवाय त्या काळाबद्दल कोणी बोलूच नये, इतका तो ग्रंथ महत्त्वाचा. पण त्याचा भर संघटनेवर, कार्यकर्त्यांवर, चळवळीच्या पायऱ्यांवर. स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी १९६७ च्या. त्यातही संन्याशाचा संयम आहे, पण चूल नाही. संन्याशाकडून चुलीची अपेक्षा करणं तसं अन्यायाचंच. नरहर कुरुंदकर आपल्याच मातीतले, नांदापूरचे, तेव्हा नांदापूर परभणी जिल्ह्यातच. त्यांनी हैदराबादचा प्रश्न हिंदू-मुसलमान असा न मांडता राज्याचं स्वरूप काय, असा मांडला. ही त्यांची मोठी देणगी. पण राज्याचं स्वरूप पाहणारी नजर वरून पाहते. तिला नाका दिसतो, पिशवी दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला मीर लायक अलींचं पुस्तक. निजामाचे शेवटचे पंतप्रधान. १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानला गेले, १९६२ मध्ये कराचीहून त्यांनी हैदराबादच्या शोकांतिकेवर इंग्रजीत पुस्तक काढलं. नाकेबंदीबद्दल सगळ्यात जास्त बोलतो तो हा माणूस. आणि म्हणूनच त्याचं ऐकताना सावध राहावं लागतं. मिठावाचून तळमळणारी प्रजा त्याला वकिली मुद्दा म्हणून हवी आहे. त्याच प्रजेच्या घरांना त्याच्याच राजवटीत आगी लागत होत्या. २२ ऑगस्ट १९४८ च्या पहाटेआधी हैदराबादेत शोएबुल्लाखान या तरुण मुसलमान संपादकाचा रझाकारांनी खून केला, कारण त्याने त्यांच्याविरुद्ध लिहिलं. ज्या राजवटीत हे चालतं तिच्या प्रधानाने नाकेबंदीतल्या माणसाचा कैवार घेतला, तर त्यात माणूस किती आणि कैवार किती, हे तोलूनच घ्यायचं. पण वकील लबाड निघाला म्हणून अशील खोटा ठरत नाही. मीठ कमी होतं ते होतंच.

गाझाबद्दल वाचताना नेमका हाच घोळ होतो. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं. हे सांगितलं की काही जणांच्या लेखी गाझाच्या लोकांची बाजूच संपते. का? हमासचा कैवार खोटा असेल. त्या पोराचं पीठ कसं खोटं?

आता पिठाकडे येऊ. गाझा पट्टी म्हणजे एक्केचाळीस किलोमीटर लांब, एकूण ३६५ चौरस किलोमीटर. आपला परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार. गाझात त्याहून जास्त माणसं, वीस लाखांवर, आणि जागा जिल्ह्याच्या सतराव्या भागाहून कमी. त्यातली बहुतेक माणसं १९४८ च्या निर्वासितांची मुलं-नातवंडं. २००७ च्या जूनपासून नाकेबंदी. जमीन, हवा, समुद्र इस्रायलच्या हातात, आणि दक्षिणेचं रफाहचं दार २०२४ पर्यंत इजिप्तच्या. इजिप्तनेही ते बहुतांश बंदच ठेवलं, हे सांगितलं पाहिजे, कारण 'मुस्लिम जग' वगैरे शब्द फेकणारी मंडळी हे विसरतात.

सुरुवातीच्या तीन वर्षांत आत काय जाऊ द्यायचं याच्या याद्या होत्या. त्या छापील जाहीर नसत, 'गिशा' नावाच्या इस्रायली संस्थेने त्या जमवल्या. दालचिनी चालेल. धने, जिरे, आलं, वेलदोडे, जायफळ चालणार नाही. आपल्या घरातला मसाल्याचा डबा डोळ्यांपुढे आणा आणि कल्पना करा, एका कचेरीत बसून कोणी तरी त्यातली एकेक वाटी उचलून बाजूला ठेवतो आहे. धन्याने कोणता बॉम्ब होतो? याला सुरक्षेचं कारण देता येत नाही. इथे हेतू हत्यार अडवण्याचा उरत नाही. समोरच्याच्या जेवणाची चवसुद्धा आमच्या परवानगीने, हे त्याला रोज कळत राहावं, एवढाच हेतू उरतो.

त्याच संस्थेने साडेतीन वर्षं कोर्टात भांडून २०१२ मध्ये आणखी एक कागद बाहेर काढला. २००८ च्या जानेवारीतला. इस्रायलच्या संरक्षण खात्यातल्या लोकांनी हिशेब केला होता: गाझातल्या माणसाला दिवसाला सरासरी २,२७९ कॅलरी लागतात. आतमध्ये पिकतं किती ते वजा केलं, ट्रक किती लागतील ते काढलं, आकडा आला दिवसाला १०६, आठवड्यातले पाच दिवस. इस्रायली अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की तो नुसता मसुदा होता, अमलात आणला नाही. उपासमार होऊ नये म्हणूनच केलेला हिशेब होता. बरं, त्यांचं म्हणणं मान्य करू. तरी एक वाङ्मयीन प्रश्न उरतो, आणि आम्ही तो मुद्दाम वाङ्मयीन म्हणतो. या कागदातला माणूस कोण आहे? त्याला वय सरासरी आहे, भूक सरासरी आहे, नाव नाही. तो कधी पाहुण्याला जेवायला थांबा म्हणत नाही. त्याच्या घरी लेक बाळंतपणाला आलेली नाही. कॅलरीच्या भाषेत जगणारा माणूस हा नाकेबंदी करणाऱ्याने लिहिलेला माणूस आहे.

आणि इथे पॅलेस्टिनी रोजनिश्यांचं महत्त्व कळतं. सुआद अमिरी या रामल्लाच्या वास्तुविशारद, जुनी घरं जपणारी 'रिवाक' ही संस्था त्यांनीच काढली. २००१-०२ मध्ये इस्रायली फौजांनी रामल्लात संचारबंदी लावली, तेव्हा त्यांची नव्वदी ओलांडलेली सासू अराफतांच्या कचेरीजवळच्या घरात अडकली. संचारबंदी काही तास उठते, त्या फटीत सुआदबाईंनी सासूला आपल्या घरी आणलं. मग बाहेर रणगाडे आणि आत सासूबाई. रात्री झोप येईना म्हणून त्या मैत्रिणींना ईमेल लिहीत गेल्या, त्यांचं पुस्तक झालं. नावातच शेरॉन आणि सासू शेजारी-शेजारी बसवलेत. मराठी वाचकाला हे पुस्तक पहिल्या पानापासून ओळखीचं वाटेल, सासू-सुनेवर आपल्याइतकं अधिकाराने कोण बोलणार! आणखी एक प्रसंग: त्यांच्या कुत्रीला जेरुसलेमचा पशुवैद्य कागद देतो. बाईंना स्वतःला जेरुसलेमला जायची परवानगी नाही. नाक्यावर त्या सैनिकाला सांगतात, कागद कुत्रीचा आहे, मी तिची ड्रायव्हर.

हसू येतं. हसण्याने दुःख हलकं होतं वगैरे जे सांगतात ते आम्हाला पटत नाही. इथे हसण्याने दुःख हलकं होत नाही, नियम हलका होतो. ज्या नियमापुढे माणूस थरथरत उभा आहे, तो नियम किती मूर्ख आहे ते दिसतं.

या पुस्तकात उणीव आहे आणि ती सांगितली पाहिजे. रामल्ला म्हणजे गाझा नव्हे. सुआदबाई शिकलेल्या, खात्या-पित्या घरच्या, परदेशात मैत्रिणी असलेल्या. रोजंदारीवर जाणाऱ्याची संचारबंदी वेगळी असते, त्याला रात्री ईमेल लिहायचं सुचत नाही. ही पोकळी अतेफ अबू सैफ यांच्या रोजनिश्यांनी थोडी भरते. जन्म जबालियाच्या निर्वासित छावणीतला. २०१४ च्या एकावन्न दिवसांच्या युद्धाची त्यांची रोजनिशी आहे. पुढे ते पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे सांस्कृतिक मंत्री झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात मुलाला घेऊन गाझात गेले असताना युद्धात सापडले, आणि पुन्हा रोजनिशी लिहिली. मंत्र्याची रोजनिशी म्हणून शंका घेणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. पण वाचताना मंत्री दिसत नाही. फोन कुठे चार्ज करायचा, पाव कुठे मिळेल, आज कोणाच्या घरी झोपायचं, कोण जिवंत आहे, हे दिसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही समीक्षक याला पुनरुक्ती म्हणतील. आम्ही म्हणतो, नाकेबंदीत कथानक नसतंच. कथानक लढणाऱ्याला असतं, थांबणाऱ्याला नुसते दिवस असतात.

आपल्या पुस्तकांची गोम इथे सापडते. आपण मुक्तिसंग्राम कथानक म्हणून लिहिला. उमरीची बँक, सरहद्दीवरचे कॅम्प, सत्याग्रह, तुरुंग, शेवटी सप्टेंबरचे ते पाच दिवस. त्यात जे बसलं ते राहिलं, बाकीचं गळालं. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके आपल्याला आठवतात, आणि आठवल्याच पाहिजेत. पण त्यांच्या हातातली बंदूक आठवते. ज्या हजारो बायांनी त्या वर्षी बंदूक हातात न घेता, लेव्हीतून वाचलेल्या जवारीवर आणि अळणी कालवणावर घर ओढलं, पोरं काखोटीला मारून रातोरात वऱ्हाडात निघून गेल्या, तिथल्या छावणीत बाळंत झाल्या, त्यांच्यासाठी आपल्याकडे वाङ्मयप्रकारच नाही. ओव्या असतील. ओव्या गोळा करणाऱ्यांनीही या दृष्टीने त्या फारशा वाचलेल्या नाहीत.

आता अवघड भाग. कथानक १७ सप्टेंबरला संपतं, म्हणून त्यानंतरचे दिवस गळाले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती भारत सरकारच्याच सांगण्यावरून २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरली. सोळापैकी नऊ जिल्हे. त्यांचा अंदाज, हात राखून केलेला, असा की पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला. मग औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक. परभणीचं नाव या आठांत नाही. त्याचं समाधान मानायचं की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. मेलेली माणसं बहुतेक मुसलमान, आणि बहुतेक रझाकार नव्हेत. शिवणारे, विणणारे, गाडी हाकणारे. अहवाल सरकारने छापला नाही. काही दशकं तो दप्तरातच होता.

रझाकारांनी आधी काय केलं ते याच अहवालात आहे. समितीने ते लपवलेलं नाही, उलट सूड कुठून आला ते सांगितलं आहे. पण आम्हाला या अहवालातली एक बारीक नोंद सगळ्यात मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना वाचवलं, आणि त्यात एका धंद्याची माणसं एकमेकांना जास्त धरून राहिली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, स्वतःचा जीव घालवूनसुद्धा. तत्त्वज्ञानात आम्ही आयुष्यभर मानवता, करुणा हे शब्द शिकवले. इथे मागाने माणूस वाचवला. एकाच प्रकारच्या धोट्याला हात लागलेला असणं, सूत महाग झाल्यावर दोघांनी एकाच व्यापाऱ्याला शिव्या घातलेल्या असणं, हे नातं त्या आठवड्यात धर्माच्या नात्याला पुरून उरलं. आणि बघा, हे नातं रोजच्या जगण्यातलं आहे. जे वाङ्मय रोजचं जगणं लिहीत नाही, त्याला हे नातं दिसण्याची शक्यताच नाही. म्हणून आम्ही मघापासून मिठामागे लागलो आहोत.

अलीकडे इंग्रजीत काम होतंय. अफसर मोहम्मद यांचं २०२३ चं पुस्तक १९४८ च्या मुसलमानांच्या तोंडी आठवणींवर उभं आहे. नूरानींचं २०१३ चं पुस्तक कागदपत्रांसाठी उपयोगी, पण वकिली बाण्याचं. लायक अलींबद्दल जे म्हटलं त्यातलं थोडं त्यालाही लागू आहे. मराठीत? मराठीत आपण दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा लावतो, भाषण होतं, रझाकार शब्द दहा वेळा येतो, आणि तिसऱ्या रांगेत बसलेलं एखादं शेख किंवा पठाण आडनावाचं पोर मान खाली घालतं. त्याच्या पणजोबाचं काय झालं ते भाषण करणाऱ्याला माहीत नसतं, पुष्कळदा त्या पोरालाही माहीत नसतं. भाषण रद्द करा, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. १७ सप्टेंबर आमचाही सण आहे. निजामी राजवट जायलाच हवी होती. भाषणात एक परिच्छेद वाढवा, एवढंच. शोएबुल्लाखानापासून सुरुवात केली तरी चालेल.

आणि ज्यांना आमचं हे बोलणं ऐकून वाटेल की म्हणजे गाझा आणि मराठवाडा एकच, त्यांनी गवयाची गोष्ट पुन्हा आठवावी. हैदराबादची नाकेबंदी काही महिन्यांची, गाझाची अठरा वर्षांहून जास्त. आपल्यातल्या निर्वासितांपैकी पुष्कळ जण घरी परतले, त्यांना परतायला घर होतं. १९४८ चे पॅलेस्टिनी परतू शकले नाहीत. इथल्या मुसलमानाला, सगळं भोगून, पुढे मत मिळालं, सातबारा राहिला किंवा कोर्टात भांडायची सोय तरी राहिली. गाझात २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहराच्या भागात दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे ठरलं. दुष्काळ हा शब्द आपण पाऊस न पडण्याला वापरतो. हा पावसाचा दुष्काळ नव्हता, ट्रक नाक्यावर उभे होते. ऑक्टोबर २०२५ ला युद्धविराम झाला तोवर तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीत मेलेल्यांचा आकडा सदुसष्ट हजारांच्या वर गेला होता. सुंदरलाल समितीच्या वरच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, आणि जागा परभणी जिल्ह्याच्या एका कोपऱ्याएवढी.

आता प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायचाय. त्याआधी एक काम. तुमच्यापैकी कोणाच्या घरी त्या दोन वर्षांच्या किराणा दुकानाच्या वह्या असतील, करोडगिरीच्या पावत्या असतील, लेव्हीचे कागद असतील, उर्दूत असले तरी चालतील, मोडीत असले तरी चालतील, तर रद्दीत घालू नका. सेलूच्या, जिंतूरच्या मोंढ्यात जुनी दुकानं आहेत, त्यांच्या माळ्यावर वाळवीने सोडलेलं काही तरी असेल. मिठाचा भाव कोणत्या महिन्यात काय होता, तेवढं जरी मिळालं तरी पुढचं आम्ही बघू. हं, मागच्या रांगेतून कोणी तरी हात वर केलाय. बोला.